वाळूवरचा डावा पाय

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तोवर माझे अर्धे केस गेले होते आणि उरलेल्यांना कलप लागला होता. सोबतची मंडळी लाटांकडे बघून आरोळ्या ठोकत होती आणि मी मान खाली घालून वाळू बघत चाललो होतो. "एवढ्या लांब आणलं तुम्हाला, आन् तुम्ही चिल्लर पडल्यावानी खालीच बघून राह्यले," बायको म्हणाली. तिला काय सांगणार? वाळू दिसली की माझी मान आपोआप खाली जाते, ही खोड शहागडची. आमच्याकडं समुद्र नव्हता, पण गंगा होती. नकाशावर तिचं नाव गोदावरी असं लिहितात. आमच्या गावात तिला त्या नावानं हाक मारणारा माणूस बाहेरगावचा, असं बिनदिक्कत समजावं. पावसाळ्यात ती गावाला धाक दाखवायची आणि दिवाळी उलटली की अंग चोरून पल्याडच्या काठाला एका धारेत पडून राहायची. मग अल्याड जी वाळू उघडी पडायची, ती सकाळच्या धुक्यात पाहिली तर खरंच दुसरं टोक दिसत नसे. आमचा समुद्र तो. फक्त त्यात पाणी नव्हतं, एवढंच.

पाणी उतरताना वाळूवर स्वतःच्या जाण्याची चित्रं काढून ठेवायचं. मायनं शेवया वळून काठीवर ओळीनं टाकाव्यात तशा बारीक लाटा, एकीला चिकटून एक. लाटेच्या खोलगटात काळी बारीक रेती जमायची, डोळ्यात काजळ घातल्यासारखी. जिथं गाळ साचला असेल तिथं तो वाळून तडकायचा आणि त्याच्या कडा पापडासारख्या वर वळायच्या. पाय दिला की कुडुम् असा आवाज यायचा, आणि तो आवाज ऐकण्यासाठी मी गाळाचे असे किती पापड मोडले असतील याचा हिशेब नाही. टिटवीची तीन बोटं दिसायची. शिंपला सरकत गेलेली वाट दिसायची, पहिलीतल्या पोरानं गिरवलेल्या अक्षरासारखी, निघाली कुठं आणि पोचली कुठं. या वाटा वाचण्यात आपण फार हुशार आहोत असा माझा समज होता. एका थंडीत मला वाळूवर लांबच लांब, रुंद, नागमोडी ओढलेली वाट सापडली. मी गावभर ओरडत सुटलो की गंगेत मगर आली. अर्धा गाव काठ्या घेऊन उतरला. वाटेच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी बाभळीची फांदी ओढत कुंपणाला नेत होती. "काठ्या आणल्यात तर जरा ढकला की फांदी," ती म्हणाली. त्यानंतर बरेच दिवस दादा, म्हणजे माझे वडील, मला जेवायला बोलावताना "मगर आली का घरी?" असंच विचारायचे.

घर आमचं हायवेपासून आत, पण इतकं आत नाही की ट्रकचे भोंगे ऐकू येऊ नयेत. थंडीच्या सकाळी आधी भोंगे, मग माय भाकरी थापायची तो आवाज, आणि त्यात मिसळलेला तिसरा एक आवाज असे: टप् सर्र, टप् सर्र. तो अक्काचा. अक्का माझी थोरली बहीण. अगदी लहानपणी तिला ताप आला आणि तो जाताना तिचा डावा पाय थोडा बरोबर घेऊन गेला. टाच टेकत नसे. उजवा पाय टप् पडायचा आणि डाव्याचा चवडा सारवलेल्या जमिनीवरून सर्र ओढत यायचा. आम्हा कुणाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. उलट सोय होती. डब्यातला गूळ काढताना सर्र ऐकू आलं की झाकण लावायला मला पुरेसा वेळ मिळे. (तरी सापडायचो. झाकण लावायचो, तोंड पुसायला विसरायचो.) घर खऱ्या अर्थानं तीच चालवायची. दादांचा आवाज मोठा होता, मायचा जीव मोठा होता, आणि निर्णय अक्काचा असे.

तिच्या लग्नाचं मात्र तिला कुणी विचारलं नाही. तिथं मायनं एक युक्ती काढली होती. पाव्हणे यायच्या आधीच अक्काला सतरंजीवर बसवायचं, लुगड्याचा घोळ पायावर नीट पसरायचा, आणि पाव्हणे हायवेला लागेपर्यंत उठू द्यायचं नाही. मुरमुऱ्यांचा सुशीला, चहा, पान, सगळं मी आत-बाहेर करायचो. युक्ती इतकी चांगली चालली की दोनदा मुलगी पसंत पडली. आणि दोन्ही वेळा नंतर कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं. दुसऱ्या खेपेला तर मुलाचा काका परत आला, ओट्यावर चढलासुद्धा नाही, अंगणातूनच बोलला, "लंगडी जित्राबं बी बाजारात उभी करून दाखवत्यात हो." अक्का आत भाकरी करत होती. भाकरी तव्यावर करपल्याचा वास आला, तो आमच्या घरात पहिलाच.

तिसऱ्या वेळी मायनं युक्ती बदलली नाही, फक्त जागा बदलली. पोरगा जालन्याचा, मस्तगडला त्याचा फोटो स्टुडिओ. खाली दुकान, वर माडीवर राहायला तो आणि त्याची आई. नाव सुधाकर. मायनं त्यांना हुरड्याला बोलावलं. आमच्याकडं ही एक फार शहाणी रीत होती. मुलगी बघायला म्हणून बोलावलं आणि जमलं नाही तर दोन्हीकडची तोंडं कडू होतात. हुरड्याला बोलावलं तर कुणीच कुणाला नाकारत नाही. नुसतं आठवड्यानं कळवायचं की हुरडा फार गोड होता, आणि समोरच्यानं समजून घ्यायचं. अक्काला सकाळपासूनच शेतात, कणसं भाजायच्या आगटीपाशी बसवून ठेवलं. लुगडं पसरलं. "तू फक्त कणसं चोळ," माय तिला म्हणाली, "जिमिनीला चिकटून ऱ्हा." अक्का काही बोलली नाही. ती गप्प असली की आम्हाला वाटायचं तिला पटलं. एवढी वर्षं तिच्यासोबत राहून आम्हाला एवढंच कळलं होतं.

मी त्या दिवशी माझी बेलबॉटम घातली होती. जालन्यात बेलबॉटमची फॅशन नुकतीच मेली होती, म्हणून ती आमच्याकडं नुकतीच पोचली होती. तिची खालची गोलाई एवढी होती की एकेका पायात एकेक मांजर सहज झोपलं असतं. ती घालून मी शेतात निखारे, मीठ, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचं मडकं घेऊन धावत होतो. पाव्हण्यांत सुधाकर, त्याची आई आणि एक मामा. मामांची जुन्या जालन्यात धान्याची आडत होती, त्यामुळं त्यांनी आधी कणीस हातात घेऊन दाणा पारखला, मग तोंडात टाकला.

"बिलकुल कवळा है. गूळभेंडी का?"

"गूळभेंडीच," दादा म्हणाले, जणू ज्वारीचं ते वाण त्यांनीच शोधून काढलं होतं.

सुधाकरची आई फार बोलत नव्हती. बारीक अंगाची बाई, चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला. ती अक्काच्या हातांकडं बघत होती. अक्का गरम कणीस दोन तळव्यांत धरून असं चोळायची की दाणे सुपात आणि कूस वाऱ्यावर. सुधाकर गळ्यात कॅमेरा अडकवून आला होता आणि पाच मिनिटं एका जागी बसत नव्हता. ऊन कलायला लागलं तसा तो उठलाच.

"इथून गंगा किती लांब हो?" त्यानं मला विचारलं.

"लई लांब," मी ठासून सांगितलं. माझ्या पाठीमागं, बांधाच्या खाली, ती उन्हात चकाकत होती. त्यानं माझ्या खांद्यावरून तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"हे काय," अक्का म्हणाली. "बांध उतरला की वाळू. चला, मी दाखवते." आणि ती उठली.

मायच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. दादांनी माझ्याकडं बघून डोळे मोठे केले. ते पुढं आयुष्यभर सांगत राहिले की त्याचा अर्थ एवढाच होता, सोबत जा. मी घेतला तो अर्थ असा की लग्न वाचव.

बांधाखाली आधी कोरडी वाळू लागते. तिच्यात पाय घोट्यापर्यंत जातो आणि चालणारा प्रत्येक जण झिंगल्यासारखा डुलतो. सुधाकर डुलत होता, मी डुलत होतो, मागून सुधाकरच्या आईला घेऊन रमत-गमत उतरलेले मामा तर धान्याच्या पोत्यासारखे इकडून तिकडं झुकत होते. अक्का आमच्यात उठून दिसत नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. इथूनच परत फिरलो असतो तर काही झालं नसतं. पण सुधाकरला लाटांची नक्षी दिसली आणि तो पाण्याच्या दिशेनं, ओल्या वाळूकडं निघाला. गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून तो फोटो काढायला लागला. एवढा शिकलेला माणूस असा वाळूत लोळताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"दुपारी काहीच दिसत न्हाई बघा," तो अक्काला सांगत होता. "ऊन डोक्यावर असलं की सगळं सपाट. आत्ता आडवं ऊन पडलं ना, मंग कण न् कण उभा राहतो. टिटवीचं नख बी दिसतं."

टिटवीचं नख दिसतं. मी मागं वळून पाहिलं. अक्कानं चपला काढून हातात घेतल्या होत्या, आणि ओल्या वाळूवर तिच्या पावलांची ओळ उमटत होती. उजवा पाय पूर्ण, पाची बोटांसकट. डावा नुसता चवडा, आणि त्याच्या मागं एक लांब रेघ. उजवा, डावा, रेघ. उजवा, डावा, रेघ. त्या तिरप्या उन्हात प्रत्येक रेघेला सावली होती. आणि मागून, कोरडी वाळू संपवून, मामा आणि चष्म्यातली बाई नेमक्या त्याच ओळीवर येत होते.

मग मला जे सुचलं ते फक्त मलाच सुचू शकतं. मी अक्काच्या बरोबर मागं गेलो आणि तिच्या डाव्या पावलावर माझा डावा पाय टाकून तो सर्रकन ओढला. बेलबॉटमचा घेर झाडूसारखा फिरला आणि रेघ साफ. वा! मी पुढच्या पावलावर तेच केलं. मग पुढच्या. आता मला लय सापडली. मी डावा पाय ओढत, कंबर हलवत, बेलबॉटम फिरवत अक्काच्या मागं चाललो होतो आणि आपल्या हुशारीवर खूश होतो. मागं काय तयार होतंय ते बघायचं मला सुचलं नाही. मागं एक रुंद, नागमोडी, ओढलेली वाट तयार झाली होती. मगरीनंही लाजावं अशी.

"अगं," मामांचा आवाज आला, "ह्या पोराच्या पायाला काय झालं?"

"मगाशी तर धावून राह्यला होता," सुधाकरची आई म्हणाली.

मी थांबलो. "काटा," मी म्हणालो. "काटा मोडला."

"कुठल्या पायात?"

"ह्या," म्हणून मी उजवा पाय उचलला.

"पर ओढून तर डावा राह्यला तू," मामा म्हणाले. पण माणूस मायाळू. त्यांनी मला धरून खाली बसवलं, माझा पाय मांडीवर घेतला, आणि त्या बाईंनी पदराची सेफ्टी पिन काढून दिली. दोघं माझ्या टाचेवर वाकले. बाईंनी चष्मा वर-खाली केला. मामांनी बोटानं दाबलं. "इथं दुखतं का?" दुखत नव्हतं. "इथं?" मी "आई गं" म्हणालो. तिथं त्यांनी पिन घातली. मग मात्र खरंच दुखलं.

अक्का मागं वळली होती. तिनं मला पाहिलं, मग माझ्या मागची ती मगरीची वाट पाहिली. मग माझ्याकडं आली. टप् सर्र असा आवाज वाळूत होत नाही, पण मला तो ऐकू आला.

"दिन्या, काटा न्हाई तुला."

"हाय ना."

"तू माझी पावलं पुसून राह्यला."

मी खाली बघितलं. मामांनी पिन थांबवली.

"मी मुद्दाम उतरले खाली," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "मला दाखवायचं होतं ह्यांना. तिकडं माय झाकून राह्यली, दादा झाकून राह्यले, आन् आता तू बी? मलाच पुसून राह्यला व्हय रे?"

मला आजही कुणी शिवी दिली तर फारसं लागत नाही. सरकारी नोकरीत ती सवय होते. पण हे वाक्य लागलं होतं, आणि मामांच्या पिनेपेक्षा खोल.

ती आम्हाला सोडून पाण्याच्या कडेला गेली, जिथं वाळू कुणीच तुडवली नव्हती. तिथं लाटांची नक्षी नुसती घडीच्या नव्या कापडासारखी पडली होती. तिनं लुगडं दोन बोटं वर धरलं आणि चालायला लागली. घाई नाही, ढंग नाही, घरात पाणी भरताना चालते तशी. बरीच लांब गेली, वळली आणि आपल्याच ओळीच्या शेजारून परत आली. जाताना एक ओळ, येताना एक ओळ. उजवा, डावा, रेघ. मी ती वाळू जन्मापासून पाहत होतो; टिटव्या, खेकडे, शिंपले, सगळ्यांच्या खुणा मला पाठ होत्या. असली नक्षी मी पाहिली नव्हती. डाव्या पायाची प्रत्येक रेघ टाकानं ओढल्यासारखी, सुरुवातीला जाड आणि शेवटाला बारीक होत गेलेली.

"हे असं हाय," ती त्या तिघांसमोर उभी राहून म्हणाली. "लहानपणी ताप आल्ता. डावी टाच टेकत न्हाई. बसवून ठेवलं तर दिसत न्हाई, पर मी बसून राहनारी बाई न्हाई. नंतर कुणी सांगण्यापरीस..." तिनं चपला या हातातून त्या हातात घेतल्या.

सुधाकर त्या ओळीपाशी गुडघे टेकून बसला होता. फोटो काढताना बसायचा तसाच. त्यानं रेघेला बोट लावलं नाही, नुसतं जवळून बघितलं.

"दुखतं का?" त्यानं विचारलं.

"थंडीत ठणकतो. आज बी ठणकून राह्यला."

"मंग चपला कशाला काढल्या?"

"चपलीत ठसा बराबर उमटत न्हाई."

तो हसला. आधी तो, मग कसनुसं अक्काही. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, कळ दाबायला गेला, पुन्हा खाली घेतला, वरचा आकडा बघितला. "रोल संपला," तो म्हणाला आणि लाजला. सगळा रोल त्यानं नुसत्या वाळूत घालवला होता. त्यामुळं या प्रकरणाचा पुरावा कुठंच नाही. तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल, आणि माझा मगरीचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे.

पण हसून गोष्ट संपत नाही, हे मलासुद्धा कळत होतं. होय-नाही त्या बाईंच्या हातात होतं. त्यांनी पिन पदराला लावली. चष्म्याचा दोरा कानामागं सारखा केला. मामांनी अजून माझा पाय सोडला नव्हता.

"आमचं घर माडीवर है, बाई," त्या अक्काला म्हणाल्या. "जिना उभा है. कठडा बी एकाच बाजूला."

"चढते मी," अक्का म्हणाली. "चढायला काही न्हाई, मावशी. उतरताना येळ लागतो."

बाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं, मगाशी आगटीपाशी हातांकडं पाहत होत्या तसं.

"मंग," त्या म्हणाल्या, "उतरायची घाई कोनाला है?"

बांधावर माय आणि दादा येऊन उभे होते. तिथून त्यांना शब्द ऐकू येत नव्हते, फक्त चित्र दिसत होतं: पोरगी अनवाणी, जावई होऊ घातलेला गुडघ्यावर, आणि दिवटा मुलगा आडतदाराच्या मांडीवर पाय टाकून वाळूत पसरलेला. मायनं कपाळाला हात लावला आणि तिथूनच हाक मारली, "आरं मुडद्या, काय केलंस रं?" तिला उत्तर द्यावं म्हणून मी तोंड उघडलं, पण नक्की काय केलं हे मलाच सांगता येईना.

परत फिरताना अक्का आणि त्या बाई पुढं होत्या, एकमेकींच्या बाजूनं, अगदी सावकाश. सुधाकर आणि मामा त्यांच्या मागं. मला त्या दोन ओळी ओलांडून जायचा धीर झाला नाही. मी त्यांना वळसा घालून पाण्यातून गेलो, चपला हातात घेऊन, आणि थंडीच्या गंगेत माझी बेलबॉटम गुडघ्यापर्यंत भिजून जड झाली. त्यामुळं मी सगळ्यात मागं राहिलो. बांधाची चढण आली तेव्हा त्या दोघी थांबलेल्या मला लांबून दिसल्या. कुणीतरी हात पुढं केला आणि कुणीतरी तो धरला. कुणी कुणाला, हे त्या उन्हात मला कळलं नाही. अक्का सांगते, त्यांनी मला दिला. तिच्या सासूबाई, आता नव्वदीला टेकलेल्या, त्याच जिन्याच्या वरच्या पायरीवर उन्हाला बसून ठणकावून सांगतात की साफ झूट है, हात हिनंच दिला होता, आन् मला त्याची गरज होती म्हणूनच दिला होता. दोघींपैकी एकही मागं हटत नाही.